मुलांसोबत घरच्या घरी विज्ञान: काय जमवायचं, काय बघायचं, कुठे न्यायचं

सुट्टी लागली की पालकांच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात, कुठलं रोबोटिक्स किट घेऊ, कोडिंगचा क्लास लावू का, यूट्यूबवर कुठलं चॅनल चांगलं आहे. मी आमच्या इथल्या पाचवी ते आठवीच्या पोरांबरोबर रविवारी सकाळी प्रयोग करत बसते, त्यामुळे मलाही हे सारखं विचारलं जातं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. माझं मत सरळ आहे. किट आणि क्लास नंतर बघू, आधी एक प्रश्न घ्या, त्याच्याशी हाताने झटापट करा, मग त्याच प्रश्नासाठी स्क्रीन उघडा आणि शेवटी काहीतरी मोजा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी व्हिडिओ आणि मग "चला आता करून बघू", तर पोरांना उत्तर आधीच माहीत असतं आणि हात चालेनासे होतात. हे मी खूपदा बघितलंय.

सामानासाठी बुटांचा एक रिकामा खोका पुरतो. त्यात पेन्सिल सेल, टॉर्चचे दोन मोठे सेल, पांढरे एलईडी, थोडी साधी वायर, सेफ्टी पिना, आगपेट्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, फुगे, स्ट्रॉ, बिनसुईच्या सिरिंज, चिकटपट्टी, कात्री, मेजर टेप आणि पॉलिश पेपर. बिघडलेल्या स्पीकरमधलं गोल चुंबक मिळालं तर सोन्याहून पिवळं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मागा, बहुतेक वेळा फुकट देतो. इनॅमलवाली, म्हणजे वर वीज न जाऊ देणारा लेप असलेली, तांब्याची वायर पंप आणि पंखे रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानात मिळते, मीटर-दोन मीटरचे तुकडे तर तिथे जमिनीवर पडलेले असतात. मोडकी खेळणी, जुना माऊस, बंद पडलेला रिमोट भंगारात देऊ नका, खोक्यात टाका. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचे बाजार, पोरांना घेऊनच जा, तिथली दुकानं बघणं हाच एक धडा आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका, घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, सगळे प्रयोग सेलवर. मोबाईलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी उघडायची नाही. आणि घरात अगदी लहान मूल असेल तर बटण सेल आणि छोटी ताकदवान चुंबकं त्याच्या हाती लागतील अशी ठेवू नका, ती गिळली गेली तर फार गंभीर प्रकरण होतं.

आता एक प्रयोग नीट सांगते, साधी मोटार. हा मी टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांकडून घेतला. मोठा सेल घ्या आणि त्याच्याभोवती साधारण दीड मीटर इनॅमल वायरचे दहा-बारा वेढे द्या, मग गुंडाळी सेलवरून काढून घ्या आणि दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढून गुंडाळीलाच एकदा-दोनदा फिरवून घट्ट करा, म्हणजे ती सुटत नाही. आता टोकं खरवडायची. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडून काढा, तांबं चमकलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला मात्र गुंडाळी उभी धरायची आणि फक्त वरच्या बाजूचं इनॅमल काढायचं, खालची बाजू तशीच राहू द्यायची. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन सायकलच्या ट्यूबच्या रबराने घट्ट बांधा, पिनेच्या छोट्या भोकांत गुंडाळीची टोकं अडकवा, सेलवर चुंबक ठेवा आणि बोटाने हलकासा धक्का द्या.

पहिल्या फटक्यात ती बहुधा फिरत नाही. तेव्हा तुम्ही हात घालू नका, हे कळकळीने सांगते. पोरांना शोधू द्या. दहात आठ वेळा इनॅमल नीट निघालेलं नसतं, नाहीतर गुंडाळी एका बाजूला जड असते, नाहीतर दोन्ही टोकं एका रेषेत नसतात. कोणीतरी दोन्ही टोकं पूर्ण खरवडतंच, मग ती गुंडाळी नुसती डुलत राहते, आणि तिथेच खरा प्रश्न येतो की अर्धंच का खरवडायचं. अर्धी फेरी झाली की चुंबकाचा जोर गुंडाळीला उलट दिशेने ढकलायला लागतो, नेमक्या त्याच अर्ध्या फेरीत इनॅमलमुळे करंट बंद राहिला तर गुंडाळी आपल्याच वेगात पुढे जाते आणि परत करंट मिळाला की परत धक्का. हे पोरांना कळलं की चुंबक उलटं करून बघा म्हणावं, दिशा बदलते का, दुसरं चुंबक लावून वेग वाढतो का. फक्त फिरत नसताना सेल जोडून ठेवायचा नाही, वायर आणि सेल दोन्ही तापतात. यानंतर मोडक्या खेळण्यातली मोटार उघडून द्या, आणि मग सांगा की मिक्सरचा कार्बन गेला म्हणतात तो हेच काम करतो, फिरणाऱ्या भागाला करंट पोचवायचं. आमच्या इथली एक सहावीतली मुलगी हे कळल्यावर घरच्या मिक्सरकडे गेली आणि आवाज ऐकून "आता ठिणग्या कुठे पडत असतील" ते आईला समजावून सांगत होती!

अरविंद गुप्तांबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते, १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे खेड्यातल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी बनवायला लागले. व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण-चौकोन करायची त्यांची कल्पना तिथलीच. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, आणि मग पोरं आपोआप विजेच्या टॉवरकडे आणि रेल्वेच्या पुलाकडे बघायला लागतात की तिथे इतके त्रिकोण का आहेत. पुढे बरीच वर्षं ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, २०१८ साली पद्मश्री मिळाली. गुगलवर "अरविंद गुप्ता टॉईज" टाका, शेकडो खेळण्यांचे फोटो आणि व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीतही, शिवाय ढीगभर पुस्तकं, सगळं फुकट. माझा सल्ला, व्हिडिओ आधी तुम्ही एकट्याने बघा, सामान जमवा, आणि पोरांना व्हिडिओ नंतर दाखवा, त्यांची मोटार फिरल्यावर.

हाताने झालं की मग स्क्रीन. इथे माझी पहिली पसंती फेट (PhET) सिम्युलेशन्सना, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायच्या प्रयोगांना. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली हे सुरू केलं, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. त्यातलं सर्किट बनवायचं सिम्युलेशन घ्या, पण आधी खऱ्या सेलवर एलईडी पेटवून झालेला हवा. एका दीड व्होल्टच्या सेलवर पांढरा एलईडी पेटत नाही, दोन सेल एकामागे एक लावले की पेटतो, आणि तोही उलटा लावला तर नाही, लांब पाय प्लसकडे लागतो. टॉर्चचा जुना छोटा बल्ब मिळाला तर अजून छान, तो कसाही लावा पेटतो, मग पोरं विचारतात की याला का चालतं आणि त्याला का नाही. एवढं झालं की सिम्युलेशनमध्ये वायरच्या आतले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे खऱ्या वायरीत कधीच दिसणार नाहीत. तिथे शॉर्ट सर्किट करून बघायचीही मुभा आहे, बॅटरीला आग लागलेली दिसते, घरात कोणाला काही होत नाही. मुद्दाम करू द्या.

इंटरनेट धड नसेल तर यातलं बहुतेक प्रत्येक सिम्युलेशन एका फाईलमध्ये डाऊनलोड होतं, पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेतल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांना मी हे आवर्जून सांगते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात तेही वापरा, धड्याशी नेमकं जोडलेलं काही हवं असेल तेव्हा बरं पडतं.

आता हा एक प्रयोग तर आज रात्रीच करा, सामान काहीच नाही लागत. मोबाईलच्या स्क्रीनवर सगळं पांढरं दिसेल असं काहीतरी उघडा, बोट ओलं करून पाण्याचा अगदी बारीक थेंब स्क्रीनवर टाका आणि थेंबातून बघा. पांढरं दिसत नाही, लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. थेंब भिंगाचं काम करतो. आता पिवळ्या रंगाचा फोटो उघडा, पिवळा ठिपका कुठेच नाही, फक्त लाल आणि हिरवे पेटलेत! पोरं यावर वेडी होतात, घरातल्या सगळ्यांचे फोन ओले होतात. मग फेटमध्ये रंग दिसण्याबद्दलचं सिम्युलेशन आहे ते उघडा, लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांची स्लायडर हलवून मेंदूला कुठला रंग दिसतो ते कळतं. विज्ञान आणि तंत्रज्ञान वेगळं शिकवायची गरज पडत नाही ती अशी.

मायक्रोस्कोपचंही सांगते. चावीच्या कीचेनवर येणारा स्वस्त लेझर असतो ना, तो मोठ्यांनी उघडून त्यातलं चिमुकलं भिंग काढायचं आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवायचं. कांद्याची पातळ साल, जास्वंदीचे परागकण, मिठाचे कण, कापडाचा धागा, सगळं मस्त दिसतं, आणि फोटो काढता येतो म्हणून चार जणांना एकदम दाखवता येतं. लेझर चालू करून कोणाच्या डोळ्यावर मारायचा नाही हे वेगळं सांगायला नको. थोडे पैसे घालायचे असतील तर फोल्डस्कोप घ्या, मनू प्रकाश आणि त्यांच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी मायक्रोस्कोप, साधारण १४० पट मोठं दिसतं, डबक्यातल्या पाण्यातले जीव पळताना दिसतात.

मोजणं हा भाग बहुतेक घरी सुटतो, आणि माझ्या मते विज्ञान तिथेच सुरू होतं. यासाठी फायफॉक्स (phyphox) नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फुकट. फोनमधले सगळे सेन्सर त्यातून वापरता येतात. आवाजाचा वेग मोजायचा असेल तर दोन फोन घ्या, दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारं स्टॉपवॉच उघडा आणि गच्चीवर मेजर टेपने दहा मीटर मोजून दोघांना दोन टोकांना उभं करा, फोन ज्याच्या त्याच्या जवळ. पहिल्याने टाळी वाजवली की त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसऱ्याचं मात्र आवाज पोचल्यावर. दोन-तीन सेकंदांनी दुसऱ्याने टाळी वाजवायची, त्याचं घड्याळ लगेच थांबतं, पहिल्याचं जरा उशिरा. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला जायला आणि यायला, म्हणजे वीस मीटरला लागलेला वेळ. फरक ०.०५८ सेकंदाच्या आसपास आला की २० भागिले ०.०५८, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर. पुस्तकातला आकडा गच्चीवर सापडल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. टाळी लहान पडत असेल तर ताट आणि पळी घ्या. आजूबाजूला गाड्यांचा आवाज असेल तर ॲपमधली आवाजाची पातळी वाढवा, नाहीतर हॉर्नवर घड्याळ सुरू होतं. दहा वेळा मोजून सरासरी काढा आणि प्रत्येक आकडा वहीत लिहायला लावा, वेडावाकडा आलेलासुद्धा, खोडरबर अजिबात नाही.

वही फार महत्त्वाची आहे. तीन गोष्टी पुरेत, काय होईल असं वाटलं, काय झालं, आता काय विचारावंसं वाटतं. ज्या भाषेत मूल घरी बोलतं त्या भाषेत लिहू दे, सेमी इंग्लिशची मुलं इंग्रजीतली व्याख्या घडाघडा म्हणतात आणि "म्हणजे काय रे" विचारलं की गप्प होतात, वहीत मराठीत लिहिलं की कुठे अडलंय ते लगेच कळतं.

कोडिंगचं. क्लास लावायच्या आधी स्क्रॅच वापरून बघा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली काढलं, फुकट आहे, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम होतो, आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की नेट किंवा अकाउंट काही लागत नाही. पाच-सात वर्षांच्या मुलांना स्क्रॅच ज्युनियर, त्यात वाचता यायची गरज नाही. पण त्याच्याही आधी अंगणात रोबो-रोबो खेळा. एकाने रोबो व्हायचं, बाकीच्यांनी फक्त "दोन पावलं पुढे", "उजवीकडे वळ" एवढंच बोलून त्याला तुळशीपर्यंत न्यायचं, रोबोने स्वतःचं डोकं वापरायचं नाही. सूचना चुकली की तो भिंतीवर जातो, मग कुठली ओळ चुकली ते शोधायचं. प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात कष्टाचं काम तेच आहे आणि ते इथे हसत-खेळत होतं. स्क्रॅचमध्ये पहिला प्रोजेक्ट म्हणून तयार गेमची कॉपी करायला देऊ नका, त्यांनी हाताने केलेलंच काहीतरी द्या, चौकातला सिग्नल, नाहीतर लाल-हिरवा-निळा मिसळून रंग दाखवणारं पान.

आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, घ्यायच्या आधी टिंकरकॅडवर सर्किट करून बघा, ब्राउझरमध्येच बोर्ड, वायरी, एलईडी सगळं आहे, चुकलं तरी काही जळत नाही. मूल लहान असेल तर तुमच्या अकाउंटवर, शेजारी बसून. बीबीसीचा मायक्रोबिट हा छोटा बोर्डही असाच मेककोडच्या साइटवर बोर्ड विकत न घेता चालवता येतो. तिथे पोरगं टिकलं, स्वतःहून परत परत आलं, तरच खरा बोर्ड आणा. आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. सहावी ते बारावीसाठी केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २० लाखांपर्यंत अनुदान मिळून या लॅब झाल्या आहेत, त्यात आर्डुइनो, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर असतो. काही ठिकाणी ती खोली कुलूपबंद राहते कारण कोणी विचारतच नाही, चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटलं तर उघडते.

स्वयंपाकघर विसरू नका. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावा, वाळवा, त्यावर साबणाच्या पाण्याने नाव लिहा, लाल अक्षरं उमटतात, लिंबू पिळलं की परत पिवळी. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो ते तिथे सुटतं, आणि पूर्वी कुंकू हळदीला चुना लावून करायचे तेही सांगा, आजीला विचारायला लावा.

आकाशासाठी स्टेलॅरियम, ठिकाण आणि तारीख टाकली की तिथलं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर फुकट. पण आधी काठी रोवा. "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे सगळ्या पोरांना पाठ असतं, काठीची सावली मोजायला लावली की कळतं तसं रोज होतच नाही. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, मे महिन्यात एकदा आणि परत एकदा पावसाळ्यात, तेव्हा ढगांमुळे बहुधा हुकतो, म्हणून मेमधला दिवस धरा. कोल्हापूरला साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, छत्रपती संभाजीनगरला १९-२०, नागपूरला २६ च्या आसपास. वेळही बाराची नाही, पुण्या-मुंबईत साडेबाराच्या जरा पुढे, नागपुरात बारा-दहाच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला. उभा डबा, बाटली, पाइप ठेवा, सावली बुडाखाली गुडूप होते. सूर्याकडे बघायचं नाही, सगळी मजा जमिनीवर आहे. आदल्या दिवशी स्टेलॅरियममध्ये आपलं गाव आणि तारीख टाकून सूर्य किती अंशावर जातो ते बघून ठेवा, आणि नाशिकच्या मावसभावाला फोन करून त्याच वेळी त्याची सावली किती आहे ते मोजायला सांगा.

कुठे न्यायचं? मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, त्यांची पत्रिका वर्गणी भरून घरी येते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शिक्षकांनी नक्की बघावं, त्यांच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमातलं साहित्य वर्गात उपयोगी पडतं. पुण्याजवळ चिंचवडचं सायन्स पार्क, आयुकात शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं. हाताने काम करणाऱ्या मुलासाठी शिरूर तालुक्यातला पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला, मुलं तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंत करत शिकतात आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, २००२ साली या खेड्यात उभी राहिली. निघण्याआधी फोन करून वेळ ठरवा, सगळीकडे रोज आत सोडत नाहीत.

आणि २८ फेब्रुवारी धरून ठेवा. १९२८ साली याच तारखेला रामन परिणाम सापडला म्हणून विज्ञान दिन, त्या दिवसांत आयुका लोकांसाठी खुली असते आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोठं प्रदर्शन भरतं, आसपासच्या गावातल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश आहेत या दुर्बिणीच्या, आसपासच्या परिसरात पसरलेल्या, तिथल्या एकीच्या खाली उभं राहून वर बघायचं. सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी घ्या, आणि पोरांनी आपले प्रश्न आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवले पाहिजेत, कारण तिथे समजावून सांगायला उभी असलेली माणसं त्या दुर्बिणीवर रोज काम करणारी असतात, त्यांना थेट गाठता येतं.